जुने संशयित विक्रम आणि बिनलेबलचा डबा

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची असून ती चारशे मीटर धावते. रोज पहाटे मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात तिचा सराव असतो, परंतु गेल्या वर्षभरात तिचे टायमिंग अठ्ठावन्न सेकंदांच्या खाली आलेले नाही. तिच्या प्रशिक्षकांनी तिला एक पांढरा डबा दिला. त्यावर कसलेही लेबल नाही. ‘रिकव्हरी पावडर आहे, रात्री दुधातून घे’ असे त्यांनी सांगितले आणि तिने ती पंधरा दिवस घेतली. मी विचारणा केली तेव्हा ते म्हणाले, की चारशे मीटरचा जागतिक विक्रमच औषधावर झालेला आहे, तो अजून कोणी पुसला नाही, मग तुम्ही कशाला घाबरता? राज्य स्पर्धेपूर्वी एक ‘कोर्स’ करावा लागेल, असेही ते सुचवतात. माझे यजमान म्हणतात, सगळेच घेतात. क्रीडा आरक्षणातून नोकरी लागली म्हणजे झाले. मुलगी मला विचारते, ‘आई, ते आकडे खोटे असतील तर यादीत अजून का आहेत?’ मला उत्तर देता आले नाही. मी काय करावे?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण प्रशिक्षकांचा सगळा युक्तिवाद त्या एका विक्रमावर उभा आहे आणि तो नीट तपासून पाहिला नाही, तर तुम्ही दिलेला नकार तिला निव्वळ आईचा धाक वाटेल. डब्याविषयी तूर्त एवढेच सांगतो, की त्यातला एक चमचाही यापुढे तिच्या पोटात जाता कामा नये, आणि तो डबा फेकूनही देऊ नका.

प्रशिक्षक ज्या विक्रमाचा दाखला देतात तो पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉखचा आहे. ६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे तिने ४०० मीटर अंतर ४७.६० सेकंदांत पूर्ण केले आणि चाळीस वर्षे उलटली तरी ती नोंद कायम आहे. त्या काळी पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी योजनेनुसार संप्रेरके दिली जात होती, ही गोष्ट आता आरोपाच्या पातळीवर राहिलेली नाही. त्या योजनेला ‘१४.२५’ असा क्रमांक होता, ‘ओरल टुरिनाबोल’ हे त्यातले प्रमुख औषध होते, आणि तेथील क्रीडा संघटनेचे प्रमुख मानफ्रेड एवाल्ड व डॉक्टर मानफ्रेड ह्योप्नर यांना अल्पवयीन मुलींसह अनेक खेळाडूंच्या शरीराला इजा पोहोचवल्याबद्दल बर्लिनच्या न्यायालयाने २००० साली दोषी ठरवले. बर्लिनची भिंत पडल्यानंतर वेर्नर फ्रांके आणि ब्रिगिटे बेरेंडोंक या दांपत्याने जी कागदपत्रे उजेडात आणली, त्यांत कॉखच्या नावापुढेही मात्रांच्या नोंदी आहेत. तथापि, कॉखचा एकही नमुना कधी दोषी निघाला नाही आणि तिने कधी कबुली दिली नाही.

विक्रम पुसला जातो तो मुख्यतः या दोन कारणांनी, म्हणजे दोषी नमुना किंवा खेळाडूची कबुली. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सनच्या बाबतीत दोन्ही घडली. २४ सप्टेंबर १९८८ रोजी सोल ऑलिंपिकमधील त्याची १०० मीटरची ९.७९ ही वेळ नमुन्यात ‘स्टॅनोझोलॉल’ हे स्नायू वाढवणारे संप्रेरकजन्य औषध सापडल्यामुळे रद्द झाली, आणि रोममध्ये १९८७ साली नोंदवलेला ९.८३ चा विक्रम पुढे कॅनडातील चौकशी आयोगासमोर त्याने स्वतःच कबुली दिल्यामुळे काढून टाकण्यात आला. रोमच्या शर्यतीनंतरची चाचणी तो उत्तीर्ण झाला होता, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. त्या दशकात चाचण्या प्रामुख्याने स्पर्धेच्या दिवशी होत. सरावाच्या महिन्यांत औषध घ्यायचे आणि स्पर्धेच्या पुरेसे आधी ते थांबवायचे, एवढे पथ्य सांभाळणारा खेळाडू स्वच्छ ठरत असे. स्पर्धेबाहेर अचानक येऊन नमुना घेण्याची पद्धत दशक संपता संपता रुजू लागली. त्यामुळे १९८० च्या दशकातील ‘चाचणी उत्तीर्ण’ या शब्दांना आज आपण देतो तेवढे वजन देता येत नाही. परंतु त्याच कारणाने त्या काळातील कोणाला पुराव्यानिशी दोषीही ठरवता येत नाही.

सगळाच संशय औषधाचा असतो असेही नाही. महिलांच्या १०० मीटरचा १०.४९ सेकंदांचा विक्रम फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर हिने १६ जुलै १९८८ रोजी इंडियानापोलिस येथे, अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत केला. पाठीमागून वाहणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असेल तर विक्रम धरला जात नाही, असा नियम आहे. त्या शर्यतीत वायुमापकाने ०.० हा आकडा दाखवला. पण शेजारीच चाललेल्या तिहेरी उडीच्या मापकावर त्याच सुमारास ४.३ मीटरची नोंद होती आणि त्याच फेरीतील आणखी एका शर्यतीत वारा ५ मीटरपर्यंत गेला होता. त्या एका क्षणी, त्या एका धावपट्टीवर वारा पूर्णपणे पडला होता, असे मानायला बराच भाबडेपणा लागतो. विक्रम तरीही मान्य झाला. आकडेवारी जपणाऱ्या तज्ज्ञांच्या वार्षिकांकात मात्र त्यापुढे ‘बहुधा जोरदार वाऱ्याचे साहाय्य’ अशी टीप छापली जाते. दुसऱ्याच दिवशी अंतिम फेरीत, नियमात बसणाऱ्या १.२ मीटर वाऱ्यात, ती १०.६१ सेकंदांत धावली. १०.४९ बाजूला ठेवले असते तरी तोही जागतिक विक्रमच ठरला असता, आणि मग २०२१ साली युजीन येथे १०.५४ सेकंदांत धावलेली जमैकाची इलेन थॉम्पसन-हेरा आज विक्रमवीर म्हणून ओळखली गेली असती. बिघडलेल्या वाटणाऱ्या एका मापकामुळे तेहेतीस वर्षांनंतर दुसऱ्या देशातील एका मुलीचा मान गेला. ग्रिफिथ जॉयनर कोणत्याही चाचणीत दोषी आढळली नाही आणि १९९८ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. तिच्याविषयी याहून अधिक काही बोलणे मला न्याय्य वाटत नाही.

मग ही यादी साफ का करत नाहीत, असे मुलगी पुढे विचारील. तसा प्रयत्न झाला होता. २०१७ साली युरोपीय ॲथलेटिक्स संघटनेने असा प्रस्ताव मांडला, की आंतरराष्ट्रीय महासंघाने नमुने जपून ठेवण्यास २००५ मध्ये सुरुवात केली, म्हणून त्यापूर्वीचे सर्व विक्रम ‘जुनी नोंद’ म्हणून बाजूला काढावेत आणि यादी नव्याने सुरू करावी. मॅरेथॉनमध्ये २००३ साली २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांची वेळ नोंदवणाऱ्या पॉला रॅडक्लिफसारख्या खेळाडूंनी त्याला कडाडून विरोध केला. अपराध्यांना पकडता येत नाही म्हणून निरपराधांचे नाव का पुसता, हा त्यांचा सवाल होता आणि तो प्रस्ताव अमलात आला नाही. माझे मत विचाराल तर रॅडक्लिफचे म्हणणे बरोबर होते, जरी त्याची किंमत म्हणून ४७.६० यादीत राहिले तरी. एक अपवाद मात्र तुमच्या मुलीला आवर्जून सांगा. पूर्व जर्मनीचीच धावपटू इनेस गायपेल हिने १९८४ मधील क्लब रिलेच्या राष्ट्रीय विक्रमातून आपले नाव काढून टाकावे, अशी मागणी स्वतः केली, कारण आपल्याला नकळत औषधे दिली गेली होती असे तिचे म्हणणे होते. त्या नोंदीत तिच्या नावाच्या जागी आता एक तारांकन आहे.

तेव्हा मुलीला उत्तर असे द्या, की यादीतील आकडा म्हणजे ‘हे खोटे असल्याचे सिद्ध झालेले नाही’ एवढेच. तो खरा असल्याचे प्रशस्तिपत्र त्यात नाही आणि औषध घ्यायला हरकत नसल्याचा परवानाही नाही. शिवाय १८ सप्टेंबर २०२५ रोजी टोकियो येथील जागतिक स्पर्धेत अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन ४७.७८ सेकंदांत धावली. रक्ताच्या नोंदी, घरी येऊन घेतले जाणारे नमुने आणि वर्षानुवर्षे गोठवून ठेवल्या जाणाऱ्या बाटल्या, अशा आजच्या सर्व व्यवस्थेतून जाणारी ही खेळाडू कॉखच्या आकड्यापासून ०.१८ सेकंदावर आली आहे. औषधाशिवाय तिथे जाताच येत नाही, असे ठामपणे सांगणाऱ्या प्रशिक्षकांना ही शर्यत दाखवावी.

प्रशिक्षकांच्या बोलण्यातील खरी चूक याहून गंभीर आहे. कॉखचा विक्रम पुराव्याअभावी टिकला, म्हणून तुमच्या मुलीलाही पुराव्याचा तसाच फायदा मिळेल, असे ते गृहीत धरत आहेत. नियम तिच्या बाबतीत नेमका उलट्या बाजूने चालतो. विक्रम पुसण्यासाठी नुसता संशय पुरत नाही. पण नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला, की तो शरीरात कसा आला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सहसा खेळाडूची असते. कोणी दिला, का दिला, तिला ठाऊक होते की नव्हते, हे सारे शिक्षेची मुदत ठरवताना पाहिले जाते. दोष तिच्या नावावर आधीच लागलेला असतो.

याची दोन्ही टोके एकाच माणसात पाहायची असतील तर केनियाच्या रूथ चेप्नगेटिचचे प्रकरण पाहावे. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागोमध्ये २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून २ तास १० मिनिटांच्या आत येणारी ती पहिली महिला ठरली. १४ मार्च २०२५ रोजी घेतलेल्या तिच्या नमुन्यात ‘हायड्रोक्लोरोथायझाइड’ सापडले. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ही नोंद घेण्याची मर्यादा असताना तिच्या नमुन्यातील प्रमाण ३,८०० होते. आजारी असताना घरातील कामवाल्या बाईचे औषध घेतले, असा खुलासा तिने नंतर केला. तो उपयोगी पडला नाही आणि तिला तीन वर्षांची बंदी झाली. नमुना मार्चचा होता, म्हणून ऑक्टोबरचा विक्रम मात्र यादीत राहिला. लोकांना हे विपरीत वाटते. मला ते नियमाला धरून वाटते, आणि तुमच्या घरापुरता त्यातील उपयोगाचा भाग वेगळाच आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध आहे. घरात आजी-आजोबांच्या बीपीच्या गोळ्या असतील तर पाकीट पाहा. गोळीच्या नावापुढे जोडलेले ‘एच’ हे अक्षर पुष्कळदा याच औषधाचे असते. ते शरीरातील पाणी बाहेर टाकते आणि दुसरे औषध झाकण्यासाठी वापरता येते, म्हणून त्यावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्ही वेळी बंदी आहे.

डब्याशी थेट मिळतेजुळते उदाहरण तर आपल्याच देशातले आणि तुमच्या मुलीच्याच शर्यतीचे आहे. २०१० च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके आणणाऱ्या भारताच्या महिला ४ × ४०० मीटर रिले संघातील तीन धावपटू २०११ मध्ये उत्तेजकांच्या चाचणीत दोषी आढळल्या. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून हे पदार्थ पोटात गेले, असे त्यांनी सांगितले. देशातील समितीने ते बऱ्याच अंशी मानून एका वर्षाची बंदी घातली; प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेले तेव्हा ती दोन वर्षे झाली. प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले खरे, परंतु उमेदीची वर्षे गेली ती धावपटूंची. आज स्टॅनोझोलॉलसारख्या पदार्थासाठी मूळ बंदी चार वर्षांची आहे. वेळेत कबुली दिल्यास त्यात एक वर्षाची सूट मिळते आणि अल्पवयीन खेळाडूचा काहीसा वेगळा विचार होतो. तरीही सतराव्या वर्षी लागलेली बंदी विसाव्या-एकविसाव्या वर्षापर्यंत चालू शकते, आणि चारशे मीटरच्या धावपटूला ती वर्षे परत मिळत नाहीत.

शरीराचे काय होते, हेही लपवून ठेवू नका. मुलींमध्ये संप्रेरकजन्य औषधांमुळे आवाज जाड होतो तो पुष्कळदा कायमचा, पाळी बिघडते, अंगावर केस येतात, यकृतावर ताण पडतो. १९८६ साली गोळाफेकीत युरोपीय विजेती ठरलेल्या पूर्व जर्मनीच्या हायडी क्रिगरला सोळाव्या वर्षापासून निळ्या गोळ्या दिल्या जात होत्या आणि त्या जीवनसत्त्वाच्या आहेत असे सांगितले जात होते. हीच व्यक्ती पुढे अँड्रियास क्रिगर या नावाने पुरुष म्हणून जगू लागली आणि बर्लिनच्या त्या खटल्यात साक्षीला उभी राहिली. तुमच्या घरातील डब्याला तर जीवनसत्त्वांचे खोटे नावसुद्धा नाही.

यजमानांच्या ‘सगळेच घेतात’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. २०२३ मध्ये भारतात घेतलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले आणि ५,००० हून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, म्हणजे ‘नाडा’चे, अधिकारी आल्याची बातमी पसरताच खेळाडू निघून गेले, १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला आणि स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या. परंतु हेही लक्षात घ्या, की २१३ म्हणजे शंभरात चारसुद्धा नव्हेत. पकडले न गेलेले धरले तरी ‘सगळेच’ होत नाहीत. आणि नोकरीच्या दृष्टीने पाहिले तर राज्य स्पर्धेत नमुना घेतला गेला आणि तो दोषी निघाला, तर ज्या प्रमाणपत्रावर पाच टक्के आरक्षणाचा हिशेब मांडला आहे तो निकालच रद्द होतो. यजमानांशी बोलताना नीतीपेक्षा हा हिशेब आधी मांडावा, असे मी सुचवीन.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. डबा झाकण लावून, त्याला चिकटपट्टी लावून बाजूला ठेवा, त्याचे छायाचित्र काढा, आणि तो कोणत्या दिवशी मिळाला, मुलीने कधीपासून कधीपर्यंत व किती पावडर घेतली, हे तिच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. प्रशिक्षकांचे मोबाइलवरील संदेश पुसू नका. अल्पवयीन खेळाडूला बंदी असलेला पदार्थ देणे हा प्रशिक्षकासाठी स्वतंत्र आणि फार कठोर शिक्षेचा गुन्हा आहे, ती शिक्षा आजन्म बंदीपर्यंत जाऊ शकते. ‘नाडा’कडे गोपनीय तक्रार करता येते. तक्रार करावी की नाही यावर तुम्ही घरात विचार कराल, ते स्वाभाविक आहे. माझे मत करावी असे आहे, कारण त्या ट्रॅकवर पहाटे धावणारी तुमची एकटीचीच मुलगी नाही. जिल्हा संघटनेशी नंतर बोला. तेथे कोणाची कोणाशी ओळख असते हे नागपुरात तुम्हाला मी सांगायला नको.

क्रीडावैद्यकाची जाण असलेल्या डॉक्टरांना डब्यासह भेटा. पंधरा दिवसांत काय पोटात गेले हे ठाऊक नसल्यामुळे या राज्य स्पर्धेत मुलीने उतरू नये, असे मला वाटते. चाचणी चुकवण्यासाठी हे सांगत नाही. शेजारच्या लेनमधील मुलीने काही न घेता सराव केला असेल, आणि आपल्या मुलीच्या अंगात काय आहे हे आपल्यालाच माहीत नाही, अशा स्थितीत ती शर्यत बरोबरीची राहत नाही. मध्येच नमुना द्यायची वेळ आली तर नकार देऊ नका, कारण नकाराचीही शिक्षा दोषी नमुन्याएवढीच आहे. अल्पवयीन असल्यामुळे तिच्यासोबत मोठ्या व्यक्तीला थांबता येते, तुम्ही थांबा. मोहोरबंद संचांपैकी एक ती स्वतः निवडते, महिला अधिकाऱ्यासमोर किमान ९० मिलिलिटर नमुना द्यावा लागतो, ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत तो तिनेच ओतायचा असतो आणि झाकणे तिनेच घट्ट बसवायची असतात. त्यानंतरच्या अर्जात अलीकडे घेतलेल्या औषधांची व पूरक पदार्थांची नावे विचारतात. तेथे ‘प्रशिक्षकांनी दिलेली बिनलेबलची पावडर’ असे जसेच्या तसे लिहा.

टायमिंग अडून राहण्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासून घ्या. या वयाच्या धावणाऱ्या मुलींत लोह कमी असणे सर्रास आढळते आणि चारशे मीटरच्या शेवटच्या शंभरात ते हमखास जाणवते. लोहाच्या गोळ्यांवर बंदी नाही. मात्र उन्हाळ्यात थकवा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सलाइन लावून घेण्याची जी आपल्याकडे रीत आहे, ती तिच्यासाठी बंद करा, कारण रुग्णालयातील उपचार वगळता बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक सलाइन घेणे हाही नियमभंग आहे. प्रथिनांसाठी अंडी, दूध, सोयाबीनच्या वड्या, भिजवलेले हरभरे पुरेसे आहेत. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या शहरात सकाळी आठनंतर घेतलेले टायमिंग मनावर घेऊ नये.

प्रशिक्षक बदलावे लागतील. नव्या प्रशिक्षकांना पहिल्याच भेटीत, मुलीच्या देखत, विचारा, की तिला काही खायला किंवा प्यायला देण्यापूर्वी त्या वस्तूचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक तुम्ही कागदावर लिहून सही करून द्याल का. त्यांना राग आला तर पुढचे प्रशिक्षक पाहा.